एकपण पक्षी नाय

वाघबारस झाली की आमच्या पाड्यावर मुकादम येतो. विश्राम त्याचं नाव. दारात उकिडवा बसतो, घरातून किती माणसं विटांच्या भट्टीवर येणार ते विचारतो, आणि आठवड्याभरात अर्धा पाडा ट्रकमध्ये चढलेला असतो. वाणगावपासून आत, डोंगराला लागून आमचा पाडा. पावसाचं भात घरात आलं की मागं राहतात म्हातारी माणसं आणि कोंबड्या.

ह्या वर्षी माझ्या नवऱ्याने, नवशाने, विश्रामला चहा पाजला आणि तोंडावर सांगितलं, "आमी नाय येत."

"का रे? लॉटरी लागली?"

"नोकरी लागलीय. नवरात्रीपासून. चिंचणीला खाडीवर शेठचा कोळंबीचा तलाव हाय. राहायला खोली दिलीय. सणाला आलोय चार दिवस, परत जायचंय."

"काम काय?"

नवशाने इकडंतिकडं बघितलं. मंग हळूच बोलला, "पक्षी हाकलायचे."

विश्राम असा हसला की बशीतला चहा मांडीवर सांडला. बरं झालं, चटका बसला. मी आतून बाहेर आले आणि बोलले, "हस, हस मेल्या. माझी पोरगी दहावीला हाय. ह्या वर्षी ती एका जागी बसणार, परीक्षा देणार. तुझ्या भट्टीने तिची दोन वर्षं खाल्ली, तिसरं नाय देत."

खोटं काय बोलले? प्रियंका सतरा वर्षांची झाली तरी दहावीलाच. दरवर्षी दिवाळीला शाळा सुटायची ती पावसाला परत. दोनदा तिने तोच वर्ग काढला, आपल्याहून लहान पोरींच्या बाजूला बसून. एक अक्षर कुरकुरली नाय. तिने नाय कुरकुर केली म्हणूनच मला जास्त लागायचं. मला देवाकडं दुसरं काय मागायचं नव्हतं. मार्चपर्यंत एक छप्पर पाहिजे होतं, त्याच जागी, शाळेजवळ.

विश्राम उठला. "बघा बाबा. पक्ष्यांचा काय भरवसा," बोलला आणि शेजारच्या दारात जाऊन बसला.

---

खाडीवरची खोली म्हणजे पत्र्याची. अर्धी खोली कोळंबीच्या खाद्याच्या गोण्यांनी भरलेली, अर्ध्यात आमी. खाद्याला मासळीचा असा वास की आमच्या भाकरीला पण तोच लागायचा. पण बाहेर दिव्याचा खांब होता, आणि शाळा पायी अर्ध्या तासावर. प्रियंका खाटेवर बसून त्या खांबाच्या उजेडात वाचायची. मला तो वास गोड वाटायला लागला होता.

तलाव दोन एकरांचा. चारी बाजूंना मातीचा बांध, मधे पाणी घुसळणारे पंखे. बांधापलीकडं खाडी आणि तिवरांचं रान. तलावाची देखरेख बळवंतभाऊंकडं. चिंचणीचाच माणूस, साठीला आलेला, ह्या धंद्यात केस पांढरे केलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी नवशाला बांधावर उभं केलं आणि सांगितलं, "हे बघ, खाद्य टाकणं, पंखे बघणं हे कोणीपण करेल. तुला ठेवलाय तो पक्ष्यांसाठी. एक पाणकावळा दिवसाला पसाभर कोळंबी गिळतो. शेठला तलावावर पक्षी दिसला की त्याचं डोकं फिरतं. ज्या दिवशी दिसला, त्या दिवशी गाठोडं बांधायचं. समजला?"

"समजला भाऊ."

"लाजू नको, हा पत्र्याचा डबा जोरात वाजव."

भाऊ वाईट माणूस नव्हता हो. बोलणं असं, की नारळ फोडतोय. पण प्रियंकासाठी घरून जुनी खुर्ची त्यांनीच आणून दिली.

नवशाला पक्षी हाकलायला ठेवायचं म्हणजे गंमतच. आमच्या पाड्याखाली तलाव हाय, त्याच्या काठाला मोठी चिंच. पावसात तिच्यावर पाणकावळ्यांची घरटी असतात, बगळ्यांच्या घरट्यांना चिकटून. पिल्लं आईबापाच्या घशात मुंडी घालून मासे काढून खातात, आणि खाली सगळी जमीन पांढरी. माझा सासरा त्या झाडाखालून जाताना कधी तोंड वाकडं करायचा नाय. तलाव आटायला लागला की मासे धरायचे, आणि पहिला मासा तो काठावर बसलेल्या पाणकावळ्याकडं फेकायचा. बोलायचा, त्यांनीच आपल्याला जागा दाखवली, त्यांचा वाटा. पाणकावळे जिथं गोळा होतात तिथं मासा दाटलेला, हे नवशा बापाच्या खांद्यावर बसून शिकला. आणि आता त्यांच्यावरच डबा वाजवायचा.

पण वाजवला. पोटाला लागतं ना.

सकाळी उजाडताना ते तिवरांतून यायचे. पाण्याला पोट लागेल इतक्या खालून, एकामागे एक, काळे. भरती असली की खाडीतच बुडी मारायचे. पाण्यावर नुसती मान दिसते, मंग ती पण नाय. आपण श्वास धरून बघत बसतो, आणि तो भलतीकडंच वर येतो, चोचीत मासा आडवा. मासा हवेत उडवून सरळ करतो आणि डोक्याकडून गिळतो. पोट भरलं की खुंटावर पंख पसरून वाळत बसतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की तांबड्या लांब पायांचे शेकाटे यायचे, ढोकरी यायची, खंड्या यायचा. ती सगळी खाडीची लेकरं. खाडीत राहा, खा, कोण नाय बोलत नव्हतं. बांध ओलांडला की नवशाचा डबा.

प्रियंकाच्या शाळेत जलसुरक्षा नावाचा विषय होता. तिच्या स्नेहा बाईंनी तिला प्रकल्प दिला, तुझ्या जवळच्या पाण्यावरचे पक्षी रोज मोजून लिही. बाकीच्या पोरी पुस्तकातून चित्रं उतरवत होत्या, माझी रोज बांधावर उभी राहून मोजायची. एक पान खाडीचं, एक पान तलावाचं. तलावाच्या पानावर दोन महिने शून्य, शून्य, शून्य. नवशाला ते शून्य दाखवले की तो मिशीत हसायचा. "बघ, बापाला शंभरातले शंभर."

---

डिसेंबरात थंडी पडली. बळवंतभाऊंच्या पुतणीचं, हेमांगीचं, लग्न निघालं, आणि ते चार दिवस विरारला गेले. जाताना नवशाला सगळं सांगून गेले. "पंधरा दिवसांत कोळंबी काढायची हाय. आता काय गोंधळ नको. काय वेगळं दिसलं तर फोन कर. रात्री-बेरात्री कर."

ते सोमवारी गेले. सोमवारीच पाणकावळे आले.

तलावाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात अकरा बसले होते. नवशाने डबा वाजवला, उठले, गोल फिरले आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात उतरले. असं कधी झालं नव्हतं. त्याने दगड मारले, मी ओरडत बांधावरून धावले. जायचे आणि यायचे. दुपारी नवशा त्या कोपऱ्यात पाण्यात उतरला आणि मला हाक मारली.

"बुधी, ये, ये, बघ!"

काठाला, गुडघ्याभर पाण्यात, कोळंबी फिरत होती. वर, अगदी वर. त्याने नुसता हात घातला आणि एक उचलली. बोटभर लांब, जाड. तडफडली पण नाय. एरवी कोळंबी हातात घेतली की पाणी उडवून पसार होते.

"केवढी माजलीय," तो बोलला. "खाऊन खाऊन सुस्त झालीय. तलावात मावत नाय, काठाला आली. म्हणून पक्षी आलेत. आपल्या पाड्याच्या तलावात कसं, मासा दाटला की येतात."

मी हातात घेऊन बघितली. डोक्यावर बारीक पांढरे ठिपके होते.

"हे काय?"

"मीठ असेल. खाडीचं पाणी."

आणि काय केलं असेल त्याने? हसत हसत ती कोळंबी पाणकावळ्यांकडं फेकली. बापासारखी. मला पण बरं वाटलं, काय सांगू. दोघं येडी त्या कोपऱ्यात उभी राहून हसत होतो.

कोळंबी किती खाते ते बघायला पाण्यात खाद्याची चाळणी सोडलेली असते, संध्याकाळी ती वर काढली तर खाद्य तसंच पडलेलं. नवशा बोलला, कोळंबी पक्ष्यांना घाबरून चाळणीवर येत नसेल. मला पटलं. प्रियंकाने तिच्या वहीत तलावाच्या पानावर पहिल्यांदा शून्य सोडून दुसरा आकडा लिहिला.

मंगळवारी चौतीस होते. बगळे वेगळे.

नवशाकडं दिवाळीचे सुतळी बॉम्ब ठेवलेले होते. असं काय झालंच तर म्हणून. त्याने एक पेटवला, फेकला, पक्षी उठले. दुसरा पेटवला. वात ओली होती की काय, धूर आला आणि विझल्यासारखी झाली. तो फुंकायला गेला. हजार वेळा सांगितलेलं, विझलेल्याला हात लावू नको! आवाज झाला तेव्हा मी खोलीत भात टाकत होते. बाहेर आले तर तो बांधावर खाली बसलेला, आणि उजवा हात असा समोर धरलेला, जशी दुसऱ्या कोणाची वस्तू हातात दिलीय.

अंगठा आणि दोन बोटं. कातडी लोंबत होती. मी गार पाण्यात हात बुडवून ठेवला, तो दातावर दात धरून बसला. प्रियंका शाळेतून आली होती, तिने तिची ओढणी फाडली.

"दवाखान्यात जाऊ चल," मी बोलले.

"आणि पक्षी?"

"खड्ड्यात गेले पक्षी!"

"बुधी, भाऊ परवा येतील. हात असा दिसला तर दुसरा माणूस आणतील. दोन दिवस. मंग जातो."

मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं, आणि फोन वाजला. भाऊंचा. नवशाचा हात पाण्यात, म्हणून मी घेतला. मागं लग्नाचा बँड वाजत होता.

"कोण, बुधी? काय, सगळं बरोबर?"

"हो भाऊ."

"खाद्य खाते?"

"खाते."

"पक्षी?"

बाहेर त्या कोपऱ्यातून पंखांचा आवाज येत होता, ओला कपडा झटकावा तसा. समोर प्रियंका वही मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्याकडं बघितलं. वहीकडं बघितलं. त्या खुर्चीकडं, खांबाकडं बघितलं. मार्चला तीन महिने होते.

"नाय भाऊ," मी बोलले. "एकपण पक्षी नाय."

"शाब्बास," ते बोलले आणि फोन ठेवला.

प्रियंका हळूच बोलली, "आई, चौतीस हायत."

"गप बस. अभ्यास कर."

तिने मान खाली घातली. नवशा पाण्यातल्या हाताकडं बघत होता.

---

बुधवारी मोजायची सोयच राहिली नाय. प्रियंकाने लिहिलं, ऐंशीच्या वर. तलावाच्या खुंटांवर, पंख्यांच्या दांड्यांवर, बांधावर, सगळीकडं काळेच काळे, पंख पसरून बसलेले. इतके खाल्लेले की काही जणांना उडता येत नव्हतं. वर घारी फिरत होत्या. नवशाला ताप चढला होता. तो हाताला फडकं बांधून बांधावर उभा, डाव्या हाताने डबा वाजवायचा, आणि पक्षी मान वळवून त्याच्याकडं बघायचे नि बसून राहायचे. चाळीस वर्षं ज्याने पक्ष्याला दगड मारला नाय त्याला आता पक्षी पण जुमानत नव्हते.

मला राग आला. कोणाचा म्हणून सांगू? पक्ष्यांचा, शेठचा, माझ्या जिभेचा, सगळ्यांचा. मी खोलीतली काठी घेतली आणि पाण्याकाठचा एक पाणकावळा गाठला. त्याने पळायचा प्रयत्न केला, पाय मागं असतात त्यांचे, जमिनीवर धड चालता येत नाय. मी मारला. दोन फटके. त्याचा हिरवट डोळा उघडाच राहिला. चोचीतून कोळंबी बाहेर आली, अख्खी, एकामागे एक चार. चौघींच्या डोक्यावर तेच पांढरे ठिपके.

मी त्याचे पाय सुतळीने बांधले आणि बांबूवर उलटा टांगला, कोपऱ्यात, सगळ्यांना दिसेल असा. खाली लोंबणारे पंख वाऱ्याने हलत होते. मेलेला बघितला की बाकीचे घाबरतात, हे मी ऐकलेलं होतं. नवशा तिकडं पाठ करून उभा राहिला. मला बोलला, "बा असता तर मला घरात घेतला नसता."

"बा असता तर त्याची नात भट्टीवर गेली असती," मी बोलले. मला त्याला लागेल असंच बोलायचं होतं. लागलं.

गुरुवारी सकाळी उजाडलं तर एक पक्षी नाय. खरंच नाय. पाणी गप्प. मला वाटलं, झालं, देव पावला. खोटं बोलले ते खरं झालं.

दहा वाजता बळवंतभाऊ आले, हाताला अजून हळदीकुंकवाचे डाग, पिशवीत प्रियंकासाठी लग्नाचे लाडू. बांधावर उभं राहून त्यांनी सगळीकडं नजर फिरवली. टांगलेला पाणकावळा बघून तोंड जरा वाकडं केलं, पण नवशाच्या पाठीवर थाप मारली. "तू खरा माणूस. हाताला काय झालं?"

"फटाका लागला भाऊ. थोडासाच."

"दवाखान्यात जा संध्याकाळी, मी थांबतो." असं बोलत बोलत त्यांनी चाळणी वर ओढली.

चाळणीत खाद्य तसंच होतं, फुगलेलं. आणि दहा-बारा कोळंब्या, लाल. शिजवल्यावर होते तशी लाल, पाण्यातच. भाऊंनी एक उचलली, डोक्यावरचं कवच नखाने सोललं, उजेडात धरलं. त्यांच्या तोंडाचा रंग माझ्या डोळ्यांसमोर उतरला. ते चप्पल घातलेलेच पाण्यात उतरले, कोपऱ्यात गेले आणि पायाने तळ ढवळला. खालून लाल ढीग वर आला.

"ठिपक्याचा रोग," ते बोलले. "संपलं."

नवशा बोलला, "काय संपलं?"

"सगळं संपलं! एक नग जिवंत राहायचा नाय." ते वर आले, धापा टाकत. मंग अचानक थांबले. "नवशा, पक्षी आले होते का?"

नवशा हातावरचं फडकं घट्ट करायला लागला.

"अरे, विचारतोय ते सांग. तब्येतीची कोळंबी तळाला असते, पक्ष्याला सहज मिळत नाय. आजारी पडली की काठाला येते, वर येते. म्हणून पक्षी गोळा होतात. कोळंबीवाल्याला रोग आधी पक्षी सांगतो! चार दिवस आधी कळलं असतं तर जाळं टाकून रातोरात उपसली असती, निम्मी तरी वाचली असती. आले होते का पक्षी?"

"नाय भाऊ," नवशा बोलला.

आमच्या पाड्याच्या तलावात मासा दाटला म्हणून येतात. इथं कोळंबी मरायला टेकली म्हणून येतात. आमाला कोण सांगणार होतं? आणि ज्याने सांगायचं त्यालाच आमी डबा वाजवून हाकलत होतो.

भाऊ खोलीत गेले, शेठला फोन करून बोलवायचं म्हणून चार्जर शोधायला. वही खुर्चीवर उघडीच होती. स्नेहा बाई शनिवारी तपासणार होत्या, म्हणून प्रियंकाने त्या आठवड्याचं पान स्वच्छ अक्षरात उतरवून ठेवलेलं. भाऊ वाचत उभे राहिले. मोठ्याने वाचलं त्यांनी, लहान पोराला धडा वाचायला लावावा तसं.

"सोमवार. तलाव. पाणकावळे अकरा. मंगळवार, पाणकावळे चौतीस, बगळे नऊ. बुधवार..."

वही हातातच ठेवून ते बाहेर आले. "मंगळवारी मी फोन केला होता. फोनवर कोण बोललं?"

"मी," नवशा बोलला. "मीच बोललो, पक्षी नाय म्हणून."

भाऊंनी माझ्याकडं बघितलं. फोनवर बाईचा आवाज होता, ते काय बहिरे नव्हते. नावाने हाक मारली होती त्यांनी मला. मी मान खाली घातली. त्यांनी वही पुन्हा खुर्चीवर ठेवली, जिथं होती तिथं, तशीच उघडी, आणि लाडवांची पिशवी तिच्या बाजूला ठेवून बांधावरून निघून गेले.

---

विपुल शेठ गाडीतून आला तो गाडीतच बसून बोलला. काच अर्धी खाली. त्याला ओरडायची गरज पण पडली नाय. पहिलं काय बोलला असेल? "तो पक्षी काढ वरून. कोणी फोटो काढला तर मला जंगल खात्याचं लफडं नको." नवशाने एका हाताने सुतळी सोडायला घेतली, सुटेना. दाताने सोडली. शेठ बघत होता. मंग बोलला, साफसफाई करा आणि रविवारी खोली रिकामी.

दोन दिवस आमी मेलेली कोळंबी टोपल्यांत भरून खड्ड्यात टाकत होतो, वर चुना. मी कमरेभर पाण्यात, नवशा एक हात डोक्यावर ठेवून दुसऱ्याने ओढायचा. शेवटी पाण्यात पावडर टाकली, तिच्या वासाने डोळे फुटायची वेळ आली. माझ्या नखांतला वास महिनाभर गेला नाय. पलीकडं खाडीत भरती होती आणि पाणकावळे बुडी मारत होते, त्यांचं त्यांचं चाललेलं.

प्रियंका शनिवारी शाळेतून आली आणि दारातच उभी राहिली. "आई, माझ्या वहीमुळं झालं का?"

"नाय गं. तू खरं लिहिलंस. माझ्या तोंडामुळं झालं." हे मी तिला सांगितलं. तेवढं तरी खरं बोलले.

रविवारी स्नेहा बाई स्वतः आल्या. "तिला माझ्याकडं ठेवा," बोलल्या. "तीन महिन्यांचा प्रश्न हाय. वहीला तिला सगळ्यांत जास्त मार्क दिलेत मी." मी पटकन हो बोलले, त्यांच्या पाया पडायला वाकले. पण विश्रामला फोन लावला तेव्हा तो बोलला, उशिरा आलेल्यांना भिवंडीकडची भट्टी हाय, आणि दोन पूर्ण माणसं लागतील. "एक बाई आणि एक हात म्हणजे दीड. दीडचं मी काय करू?"

दवाखान्यात सांगितलं होतं, अंगठा वाकणार नाय. प्रियंकाने ते ऐकलं होतं. तिने वह्या-पुस्तकं बाईंच्या हातात दिली आणि बोलली, "ठेवा तुमच्याकडं. पेपरला येते मी. बा एका हाताने विटांचा साचा कसा मारेल?"

"प्रियंका, तू थांब," नवशा बोलला. "मी बघतो."

"काय बघतो?" ती बोलली. बापावर आवाज चढवलेला मी तिचा पहिल्यांदाच ऐकला. मंग तिने त्याचं गाठोडं उचललं.

पेपरला येते बोलली होती. तिला ते खरंच वाटत होतं, आणि मला पण.

---

भिवंडीकडची भट्टी म्हणजे नुसती धूळ. माती भिजवायला मोठा खड्डा खणलेला, त्यात नाल्याचं पाणी. मी माती मळते, प्रियंका साचा मारते, वाळलेल्या विटा डोक्यावर वाहते. आठ वाहते आता, आधी सहा वाहायची. नवशा पाणी ओढतो, डाव्या हाताने.

मार्च लागला होता, त्या दिवशी दहावीचा पहिला पेपर होता. आदल्या आठवड्यात विश्रामला सांगून बघितलं. भट्टी लावायची होती, कच्ची वीट पूर्ण झाल्याशिवाय एक माणूस सोडणार नाय बोलला. स्नेहा बाईंचा दोनदा फोन आला. दुसऱ्यांदा प्रियंकाने उचलला नाय.

सकाळी अकराच्या सुमाराला नवशा खड्ड्यावर उभा होता. एकदम त्याने बादली टाकली आणि ओरडत सुटला.

"विश्रामभाऊ! ओ विश्रामभाऊ! पाणकावळे आलेत हो! खड्ड्यावर! दोन हायत, दोन!"

सगळी भट्टी थांबून बघायला लागली. विश्राम खाटेवरून उठला. "मंग मी काय करू?"

"काय करायचं ते तुमी करा. मी सांगितलं. पुन्हा बोलू नका सांगितलं नाय. दोन हायत!"

लोक हसले. हसणारच. महिन्याभरात चौथ्यांदा झालं हे. बगळा आला तरी सांगतो, कावळा पाण्यावर बसला तरी जाऊन सांगतो. पोरं त्याला बघून हात पंखांसारखे करतात. मी मातीत पाय रोवून उभी राहिले. त्याला गप कर म्हणायला माझं तोंड कुठलं? गप राहून बघितलंय मी.

प्रियंका आठ विटा डोक्यावर घेऊन खड्ड्याच्या बाजूने चालली होती. ती थांबली. मान हलवता येत नव्हती म्हणून अख्खी वळली आणि पाण्याकडं बघत राहिली. तिचे ओठ हलले, जसे बांधावर उभं राहून मोजताना हलायचे.

"दोन नाय बा," ती बोलली. "तीन हायत. एक पाण्याखाली हाय."

आणि विटा घेऊन पुढं गेली. नवशा पाण्याकडं बघत उभा राहिला. मी पण बघत राहिले. किती तरी वेळाने, पार पलीकडच्या काठाला, तिसरा वर आला.